ठिपके सगळे एकाच बाजूला

रायपूरहून बोलतो आहे. इथं ‘प्लॉट’ म्हटलं की माणसाला जमिनीचा तुकडा आठवतो आणि लगेच भावाची चौकशी सुरू होते. शाळेच्या गणितातला ‘लाइन प्लॉट’ वेगळा. एक आडवी रेषा, तिच्यावर सारख्या अंतरावर आकडे, आणि एखादं माप जितक्या वेळा आलं तितके ठिपके त्या आकड्याच्या डोक्यावर, एकावर एक. झालं. पाचवीतलं मूलही काढू शकतं. पण आज मला दोन्ही प्लॉटांबद्दल बोलायचं आहे, कारण आमच्या छत्तीसगडच्या धानाच्या शेतात ते एकमेकांना भेटतात.

आधी जरा लांब जाऊ. साल १६४४. महाराष्ट्रात शिवाजी महाराज तेव्हा चौदा वर्षांचे होते. स्पेनच्या राजाच्या पदरी मिखाएल व्हान लांग्रेन नावाचा एक खगोलज्ञ होता. समुद्रावर रेखांश कसा काढायचा, हा तेव्हा युरोपातला सर्वांत महाग प्रश्न. जहाजं चुकायची, बुडायची. आपल्याकडे उत्तर आहे असं व्हान लांग्रेनचं म्हणणं होतं, पण त्याआधी राजाला पटवायचं होतं की बाकीचे सगळे किती चुकत आहेत.

त्यानं काय केलं? टोलेडो आणि रोम या दोन शहरांमधलं रेखांशाचं अंतर नामवंतांनी किती सांगितलं आहे ते गोळा केलं. असे बारा अंदाज मिळाले. टॉलेमी त्यात होता, मर्केटर होता, ट्यूको ब्राहे होता. या बारा आकड्यांचा तक्ता करता आला असता. त्याऐवजी त्यानं एक सरळ रेषा ओढली, डाव्या टोकाला टोलेडो ठेवलं, अंश मांडले आणि प्रत्येक अंदाजाच्या जागी ज्याचा त्याचं नाव लिहिलं. आकडेवारीची आपल्याला माहीत असलेली ही सर्वांत जुनी आलेखाकृती मानली जाते, आणि ती मुळात लाइन प्लॉटच आहे. बार नाहीत, वर्तुळं नाहीत, फक्त रेषा आणि तिच्यावरच्या जागा.

नावं साधारण १८ अंशांपासून ३० अंशांपर्यंत पसरली होती. टोलेडोच्या अक्षांशावर एक अंश म्हणजे सुमारे ८५ किलोमीटर. म्हणजे विद्वानांचा आपसातला मतभेद हजार किलोमीटरचा! तक्त्यात हे लक्षात यायला वजाबाकी करावी लागते, रेषेवर ते डोळ्यांना बोचतं.

पण खरी गंमत पुढे आहे. ते अंतर प्रत्यक्षात आहे सुमारे साडेसोळा अंश. बाराच्या बारा ठिपके खऱ्या उत्तराच्या उजवीकडे! सरासरी घ्या, मधला आकडा घ्या, गर्दी कुठे आहे ते बघा, काहीही करा, उत्तर चुकणारच. ठिपके एकमेकांपासून किती दूर आहेत हे रेषा दाखवते. सगळे मिळून सत्यापासून किती सरकले आहेत, हे ती आपण होऊन सांगत नाही.

आता छत्तीसगडला परत येऊ. पूर्वी पिकाचा अंदाज डोळ्यांनी घेत. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. महाराष्ट्रात तिला आणेवारी म्हणत, आता पैसेवारी म्हणतात. आमच्याकडे अजून ‘अनावारी’ हाच शब्द चालतो. (१९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे असे पुष्कळ शब्द सामायिक राहिले.) आपला पटवारी, म्हणजे तुमचा तलाठी, बांधावर उभा राहून आकडा सांगायचा. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि देशात धान्य नेमकं किती पिकतं, हा प्रश्न जिवावरचा झाला.

त्या काळात या प्रश्नात उतरले सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, लंडनहून संख्याशास्त्रात डॉक्टरेट, १९४० पासून कृषी संशोधन परिषदेत. चिठ्ठ्या टाकून शेत निवडायचं, त्यात मोजून तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, वजन करायचं, या पीक कापणी प्रयोगाला देशभर शिस्त लावण्यात त्यांचा मोठा वाटा. वाद पेटला तो तुकड्याच्या आकारावर. बंगालमध्ये महालनोबिस छोटी वर्तुळं कापत. कमी खर्चात जास्त जागी माप घेता यायचं, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. सुखात्म्यांनी लहानमोठे तुकडे शेजारी शेजारी कापून पाहिले आणि १९४६-४७ च्या सुमारास लेख लिहून दाखवून दिलं की तुकडा फार लहान असला की उत्पन्न फुगतं.

का फुगतं? कडेमुळे. कडेवर उभं रोप आत धरायचं की बाहेर? भरलेली ओंबी सोडायला हात धजत नाही. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात साडेबारा चौरस फूट क्षेत्र आणि कडही साडेबारा फूट. आज धानासाठी बहुतेक राज्यांत ५ मीटर बाजूचा चौरस आखतात. त्यात दर चौरस मीटरमागे कड त्या वर्तुळाच्या जवळजवळ चौथा हिस्साच येते. महालनोबिस थोर होतेच, पण या मुद्द्यावर मी सुखात्म्यांच्या बाजूचा.

आता पाटीवर रेषा काढा. पीक विम्यात मुख्य पिकासाठी ग्रामपंचायतीत किमान चार कापणी प्रयोग होतात. समजा वजनं आली ४, १०, ११ आणि ११ किलो. मुलं इथं हमखास एक चूक करतात, ४ च्या शेजारीच १० लिहितात, मधले आकडे गाळतात. पाच ते नऊ या रिकाम्या जागा ठेवल्याच पाहिजेत. ती पोकळी म्हणजेच बातमी आहे, कारण तिच्या डाव्या टोकाला एक बुडालेला शेतकरी उभा आहे. सरासरी ९. उंबरठा उत्पन्नही ९ किलोंएवढंच असेल तर भरपाई शून्य, त्यालाही शून्य, कारण हिशेब अख्ख्या पंचायतीच्या सरासरीवर होतो.

आणि समजा, प्रत्येक चौरसात कडेची रोपं ओढल्यानं अर्धा अर्धा किलो जास्त भरला होता. खरी वजनं साडेतीन, साडेनऊ, साडेदहा, साडेदहा. सरासरी साडेआठ, म्हणजे विम्याच्या रकमेच्या साडेपाच टक्क्यांवर भरपाई मिळायला हवी होती. दोन्ही आकृत्या एकाखाली एक काढून बघा. पोकळी तेवढीच, गर्दी तशीच, आकार हुबेहूब. फक्त सगळे ठिपके अर्धा घर उजवीकडे, टोलेडोहून रोम मोजणाऱ्या त्या बारा जणांसारखे.

म्हणून कापणीच्या दिवशी दोरी ताणून झाली की वाकून रोपाचं बूड बघावं लागतं. निम्म्याहून जास्त आत असेल तर घ्यायचं, नाहीतर ओंबी कितीही भरलेली असो, सोडायचं.