सुईण, परिचारिका आणि नोंदपुस्तक

जन्माची नोंद होते, मृत्यूचीही होते. परंतु ज्या हातांनी मूल जगात येते त्या हातांचीही कोठेतरी नोंद असावी, ही कल्पना समाजाला फार उशिरा सुचली. आज रुग्णालयातील परिचारिकेचे नाव सरकारमान्य परिषदेच्या पुस्तकात असावे लागते, आणि तेथवर पोचण्यास तिला ठराविक अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा द्यावी लागते. हे सारे आता इतके अंगवळणी पडले आहे की, त्यामागे केवढा वाद, किती बाळंतिणींचे मृत्यू आणि किती गरीब बायकांच्या पोटापाण्याचा प्रश्न उभा होता, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ह्या नोंदपुस्तकाच्या कथेचा मोठा भाग इंग्लंडात घडला. तिचे पुढचे प्रकरण मद्रास, मुंबई आणि दिल्ली येथे लिहिले गेले.

इंग्लंडात सुईणीला परवाना देण्याचा अधिकार प्रथम वैद्यांकडे नव्हता, तो बिशपांकडे होता. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीच्या आरंभी वैद्य व शस्त्रवैद्य ह्यांना परवाने देण्याचे काम कायद्याने बिशपांवर सोपविण्यात आले, आणि त्याच वहिवाटीने पुढे सुईणीही त्यांच्याकडे जाऊ लागल्या. १५६७ साली कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या परवान्यासाठी एलेनॉर पीड नावाच्या सुईणीने घेतलेली शपथ उपलब्ध आहे. गरिबाघरी व श्रीमंताघरी सारख्याच तत्परतेने जाईन, मुलाच्या खऱ्या बापाऐवजी भलत्याचे नाव सांगू देणार नाही, मूल बदलू देणार नाही, जादूटोणा करणार नाही, आणि मूल दगावेल अशी भीती असल्यास साध्या पाण्याने त्याला बाप्तिस्मा देईन, असा तिचा आशय होता. ह्या शपथेत धर्म आहे, नीती आहे, परंतु विद्येचा उल्लेख जवळजवळ नाही. तो परवाना चारित्र्याचा होता, कौशल्याचा नव्हता. तरीसुद्धा गरीब आणि श्रीमंत असा भेद न करण्याची जी अट त्यात होती, तिचे महत्त्व पुढच्या साऱ्या इतिहासात कायम राहिले. अठराव्या शतकात ही चर्चची पद्धत मागे पडली आणि सुईणीचे काम कोणीही करावे अशी स्थिती आली.

तथापि परवाना असलेला माणूस सुरक्षित आणि नसलेला धोक्याचा, असा सोपा निष्कर्षही इतिहास काढू देत नाही. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. १८४६ साली विद्यार्थ्यांच्या विभागात शंभरापैकी सुमारे अकरा बाळंतिणी दगावल्या. सुईणींच्या विभागात हे प्रमाण तीनहूनही कमी होते. इग्नाझ सेमेलवाइस ह्या तरुण डॉक्टराने त्याचे कारण शोधून काढले. विद्यार्थी व त्यांचे शिक्षक शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येत. १८४७ साली त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला आणि सूतिकाज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने उतरले. पदवी ज्यांच्याजवळ होती त्यांचेच हात घातक ठरले होते. तेव्हा नुसत्या कागदाने बाळंतीण वाचत नाही, कागदामागे शिस्त असावी लागते, हा धडा ह्या प्रकरणाने घालून दिला.

इंग्लंडात सुईणींच्या शिक्षणासाठी व मान्यतेसाठी १८८१ मध्ये काही सुशिक्षित स्त्रियांनी एक संस्था काढली. तीच पुढे ‘मिडवाइव्ज इन्स्टिट्यूट’ म्हणून प्रसिद्धीस आली. कायदा व्हावा म्हणून तिने वर्षानुवर्षे खटपट केली. विरोध दोन्ही बाजूंनी होता. काही डॉक्टरांना वाटे की, परवानाधारक सुईण म्हणजे आपल्या व्यवसायात शिरणारी अर्धवट डॉक्टरीणच होय. दुसऱ्या बाजूने अशी शंका घेतली जाई की, गल्लीतली ओळखीची स्वस्त सुईण कायद्याने बंद केली तर मजुराच्या बायकोने अडचणीच्या वेळी कोणाला बोलवावे? दोन्ही शंकांतून वाट काढीत अखेर ३१ जुलै १९०२ रोजी सुईणींचा कायदा संमत झाला.

ह्या कायद्याची रचना मोठी विचारपूर्वक केलेली होती. १९०५ च्या एप्रिलपासून नोंद नसलेल्या स्त्रीला ‘मिडवाइफ’ हे नाव लावण्यास बंदी झाली. तशा स्त्रीने डॉक्टराच्या देखरेखीवाचून, मोबदला घेऊन, नित्य बाळंतपणे करू नयेत, ही बंदी मात्र १९१० पर्यंत लांबविण्यात आली. म्हणजे शिकण्यास व शिकविण्यास आठ वर्षांची सवड मिळाली. शिवाय जी बाई आधीपासून प्रामाणिकपणे हे काम करीत होती व जिच्या चांगल्या वागणुकीची खात्री पटत होती, तिला परीक्षेवाचून नोंदीत घेण्याची सोय होती. १९०५ च्या यादीत २२,३०८ नावे आली आणि त्यांतील १२,५२१ ह्या अनुभवाच्याच जोरावर आलेल्या होत्या. निम्म्याहून अधिक सुईणींजवळ प्रमाणपत्र नव्हते. कायद्याने त्यांना रस्त्यावर लोटले नाही. त्यांना पुस्तकात घेतले आणि मग नियमांनी बांधले. अंगावर धुता येईल असा पोशाख हवा, पिशवीत जंतुनाशक औषध हवे, प्रत्येक बाळंतपणाची नोंद ठेवली पाहिजे, आणि धोका दिसताच डॉक्टराला बोलाविण्यास सांगितले पाहिजे, असे ते नियम होते. स्थानिक निरीक्षक सुईणीची पिशवी व वही तपासीत. गंभीर हयगय सिद्ध झाली तर नाव पुस्तकातून काढले जाई.

ह्या व्यवस्थेत दोन उणिवा होत्या. पहिली अशी की, ज्या मध्यवर्ती मंडळाने सुईणींचा न्यायनिवाडा करावयाचा, त्यावर कायद्याने सुईणीसाठी एकही जागा राखलेली नव्हती. दुसरी उणीव अधिक जिव्हारी लागणारी होती. बाळंतीण अडली की डॉक्टराला बोलवावे असा नियम सुईणीवर घातला, परंतु त्या डॉक्टराची फी कोणी द्यावयाची हे कायद्याने ठरविलेच नव्हते. घरात पैसा नसेल तर बोलावणे गेले तरी डॉक्टर येईल की नाही ह्याचा भरवसा नसे, आणि संकोचाने बोलावणे लांबणीवर पडले तर प्राणाशी गाठ पडे. १९१८ च्या दुरुस्तीने ही फी स्थानिक सत्तेने द्यावी असे ठरले, आणि तिने ती ऐपत असल्यास कुटुंबाकडून वसूल करावी अशी तरतूद झाली. पुढे १९३६ च्या कायद्याने पगारी सुईणींची सेवा सर्व भागांत पुरविण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. बंदी घालणारा कायदा १९०२ साली झाला. सोय करून देणारा कायदा पुरा होण्यास आणखी चौतीस वर्षे लागली.

परिचारिकांचा प्रश्न ह्याच्या शेजारीच चालला होता. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या माजी मेट्रन एथेल बेडफर्ड फेनविक ह्यांनी १८८७ मध्ये ब्रिटिश परिचारिकांची संघटना उभारली व सरकारी नोंदणीची मागणी केली. ठराविक मुदतीचे शिक्षण, एकच परीक्षा आणि एकच नोंदपुस्तक असा त्यांचा आग्रह होता. आश्चर्याची गोष्ट अशी की, आधुनिक शुश्रूषेच्या आद्य प्रवर्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्याच नोंदणीच्या विरोधात उभ्या राहिल्या. परीक्षेने ज्ञान कळते, पण रोग्याच्या उशाशी रात्रभर जागणाऱ्या बाईचे शील व माया परीक्षेत कशी उतरावी, आणि एकदा नाव पुस्तकात चढल्यावर ती पुढेही तशीच राहील ह्याची हमी कोणी द्यावी, असा त्यांच्या विरोधाचा रोख होता. फेनविकबाईंच्या बाजूचे म्हणणे असे की, शील मोजता येत नाही म्हणून शिक्षणही मोजू नये काय? अडाणी आणि शिकलेली एकाच नावाने वावरू लागल्या तर नुकसान रोग्याचेच होते.

वादाचा निकाल प्रथम लंडनमध्ये लागला नाही, तो न्यूझीलंडमध्ये लागला. तेथे १९०१ साली परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा झाला आणि जानेवारी १९०२ मध्ये एलेन डॉहर्टी ह्यांचे नाव पहिले म्हणून पुस्तकात चढले. इंग्लंडात हा कायदा पहिल्या महायुद्धानंतर, डिसेंबर १९१९ मध्ये झाला, आणि तेथील पुस्तकात पहिले नाव फेनविकबाईंचे लागले. नाइटिंगेल १९१० मध्येच निवर्तल्या होत्या. त्यांच्या शंकेला उत्तर म्हणून नोंदपुस्तकांना एक गुण मात्र चिकटला: नाव चढते तसे उतरविताही येते.

हिंदुस्थानात ही कल्पना आली तेव्हा येथील परिस्थिती निराळी होती. बहुतेक बाळंतपणे घरी होत आणि ती दाई करी. पुष्कळ ठिकाणी ती अस्पृश्य मानलेल्या जातीची असे. नाळ कापणे, वार पुरणे ही कामे सोवळ्याच्या समजुतीने तिच्यावरच सोपविलेली होती. मूल झाले की तिची ओटी भरावयाची, खण-नारळ व शिधा द्यावयाचा, आणि एरवी तिला उंबऱ्याबाहेर उभे करावयाचे, असा व्यवहार होता. नाळ कापण्याचे हत्यार उकळलेले नसे. त्यामुळे नवजात अर्भके धनुर्वाताने आणि बाळंतिणी सूतिकाज्वराने जात. दोष दाईच्या माथी मारला जाई. तिला शिकविले कोणी, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नसे. लेडी कर्झन ह्यांनी १९०३ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ दायांना शिक्षण देण्यासाठी निधी उभारला, तो ह्या दिशेचा एक मोठा प्रयत्न होय. पुण्यात रमाबाई रानडे ह्यांच्या सेवासदनाने, ससून रुग्णालयाच्या साहाय्याने, पांढरपेशा घरांतील विधवांना व इतर स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. मिरजेच्या मिशन रुग्णालयानेही मुलींना ही विद्या शिकविली. ज्या कामाकडे उच्चवर्णीय समाज हलके म्हणून पाहत होता, त्याला ह्या संस्थांनी प्रतिष्ठेचा व्यवसाय बनविले.

कायद्याच्या बाबतीत मद्रास प्रांताने १९२६ साली पुढाकार घेतला. मुंबई प्रांताचा नोंदणी कायदा १९३५ चा. पुस्तके उघडली, परंतु त्यांत लिहिण्याजोगी नावे किती होती? स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीने आपला अहवाल दिला. ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिका सुमारे ७,००० व सुईणी सुमारे ५,००० आहेत, असे तीत नमूद आहे. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक परिचारिका आणि ६०,००० माणसांमागे एक सुईण! इंग्लंडात जुन्या सुईणींना पुस्तकात घेऊन सुधारण्याची वाट काढण्यात आली. येथे दाई मोठ्या प्रमाणावर पुस्तकाबाहेरच राहिली आणि तिच्या जागी येणारी शिक्षित स्त्री खेड्यापर्यंत पोचलीच नव्हती. त्यामुळे नोंदणी झाली ती मुख्यतः शहरांतील रुग्णालयांपुरती.

स्वतंत्र भारताने १९४७ च्या अखेरीस भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा करून शिक्षणाचा दर्जा देशभर एक ठेवण्याची व्यवस्था केली. नोंदपुस्तके मात्र राज्यांकडे राहिली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी भाषकांना ह्याचा अर्थ लवकरच कळला. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, १९६० मध्ये मुंबई राज्याचे महाराष्ट्र व गुजरात असे दोन भाग झाले, आणि पुढे म्हैसूरचा १९६१ चा, महाराष्ट्राचा १९६६ चा, गुजरातचा १९६८ चा व मध्य प्रदेशाचा १९७२ चा असे वेगवेगळे कायदे झाले. मिरजेत शिकलेल्या मुलीला बेळगावात, किंवा पुण्यात शिकलेलीला इंदुरात नोकरी धरावयाची तर तिचे शिक्षण मान्य असूनही नाव नव्या राज्याच्या पुस्तकात नोंदवावे लागे. रोग्याची नाडी सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखीच चालते, पुस्तके मात्र निराळी झाली.

खेड्यांसाठी १९५१ पासून साहाय्यक परिचारिका-प्रसाविकांचा छोटा अभ्यासक्रम सुरू झाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतून त्या गावोगाव फिरू लागल्या. दायांनाही शिकविण्याच्या योजना झाल्या. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. तिच्याने बाळंतपणे दवाखान्यात व्हावीत म्हणून आर्थिक मदत मिळू लागली. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरापैकी सुमारे ८९ बाळंतपणे संस्थांत झाल्याचे आढळले. भोर समितीच्या देशाला हे स्वप्नवत् वाटले असते. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा केला आणि सबंध देशाच्या एका नोंदपुस्तकाची तरतूद केली.

ह्या साऱ्या इतिहासाचे सार काढावयाचे तर ते एवढेच की, परवान्याचा कायदा दोन पायांवर उभा असतो. अजाण हातांना मनाई करणे हा त्याचा एक पाय, आणि जाणते हात दारापर्यंत पोचविणे हा दुसरा. इंग्लंडात दुसरा पाय उशिरा पडला. भारतात तो फारच उशिरा पडला, आणि त्या अवधीत ज्या माता गेल्या त्यांची नोंद कोणत्याच परिषदेच्या पुस्तकात नाही. चार शतकांपूर्वीच्या त्या सुईणीने शपथेत गरिबाला श्रीमंताच्या पंक्तीस बसविले होते. नोंदपुस्तक कितीही अद्ययावत झाले, तरी डोंगरातल्या पाड्यावर वेणा सुरू झालेल्या बाईच्या उशाशी पुस्तकातल्या नावाची कोणी बाई पोचते की नाही, ह्यावरच त्याची किंमत ठरावयाची आहे.