मार्कुसची दुसरी गाडी

मोटारगाडी प्रथम कोणी बनविली, असे शाळेतल्या मुलास विचारले तर तो बेंझ किंवा डाइम्लर यांचे नाव घेईल. थोडे अधिक वाचलेले असेल तर १८८६ हे सालही सांगेल. उत्तर चुकीचे नाही. परंतु ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील तंत्रविद्येच्या संग्रहालयात एक जुनी गाडी उभी आहे, आणि तिच्यापायी या सरळ उत्तराला कितीतरी वर्षे फाटे फुटत राहिले. मोटारींचा षौक असलेल्या मंडळींनीही तिच्याविषयी क्वचितच ऐकलेले असते. तिच्या नावाची कंपनी निघाली नाही, तिच्या जोडीची दुसरी गाडी बाजारात आली नाही. तिला धड स्वतःचे नावही नाही. ‘मार्कुसची दुसरी गाडी’ एवढीच तिची ओळख. या गाडीची आणि तिच्या कर्त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथमदर्शनी ती मोटार वाटतच नाही. घोडे सोडून ठेवलेली एखादी उघडी लाकडी गाडी असावी, असेच पाहणाऱ्यास वाटते. बसावयास लाकडी बाके, चाकेही लाकडी, आणि चालकापुढे सुकाणूचे एक लहानसे चक्र. वजन सुमारे साडेसातशे किलो, आणि एवढे धूड ओढावयास एंजिन मात्र पाऊण अश्वशक्तीचे! वेग ताशी सहा ते आठ किलोमीटर, म्हणजे झपाझप चालणारा मनुष्य तिच्या बरोबरीने जाऊ शकेल. हसू येण्यासारखीच गोष्ट. पण बाकाखाली डोकावून पाहणारा जाणकार हसत नाही. तेथे सुमारे दीड लिटरचे, एकाच सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे चार फेऱ्यांचे एंजिन आहे. पेट्रोलचे बारीक तुषार करून ते हवेत मिसळण्यासाठी एक गोल ब्रश बसविलेला आहे. तो पेट्रोलमध्ये बुडून फिरतो आणि त्याचे केस एका पट्टीवर घासले की तुषार उडतात. यापेक्षाही नवल म्हणजे ठिणगीची व्यवस्था. त्या काळी डाइम्लर आपल्या एंजिनात जळत्या दिव्याने तापवून लाल केलेली नळी वापरीत असे. बेंझची भिस्त बॅटरीवर होती. मार्कुसच्या गाडीत मात्र एंजिन स्वतःच एक लहान विद्युत्-यंत्र चालविते आणि त्या यंत्रातून ठिणगी पडते. दिवा विझण्याची भीती नाही, बॅटरी संपण्याची चिंता नाही. ‘मॅग्नेटो’ या नावाने पुढे कित्येक वर्षे मोटारींच्या एंजिनांत जी योजना रूढ झाली, तिचेच हे एक आरंभीचे रूप होय.

ही कल्पना मार्कुसला कोठून सुचली, हे पाहिले म्हणजे मनुष्याची ओळख पटते. झीगफ्रीड मार्कुस याचा जन्म १८३१ साली उत्तर जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रांतात, माल्खिन या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. लहानपणीच तो यंत्रकामाच्या उमेदवारीस लागला, तरुणपणी बर्लिनमध्ये सीमेन्स आणि हाल्स्के यांच्या कारखान्यात त्याने काम केले, आणि १८५२ साली तो व्हिएन्नास आला तो कायमचाच. पुढे त्याने स्वतःची कार्यशाळा थाटली. तारायंत्राचे भाग, विजेची उपकरणे, दिवे, वैज्ञानिक मापनाची साधने, जे हाती येईल त्यात सुधारणा करावयाची आणि तिचे पेटंट घ्यावयाचे, हा त्याचा जन्माचा उद्योग झाला. निरनिराळ्या देशांतून मिळून त्याने शंभरावर पेटंटे मिळविली. सम्राज्ञीच्या महालात विजेची घंटा त्यानेच बसविली आणि युवराज रुडोल्फला पदार्थविज्ञानाचे पाठही त्यानेच दिले, असे सांगतात. या नाना उद्योगांत सुरुंग पेटविण्याचे एक यंत्र होते. दूर उभे राहून दांडा फिरवावा, चुंबकाच्या योगाने वीज उत्पन्न व्हावी आणि तारेच्या दुसऱ्या टोकाशी ठिणगी पडून दारू पेटावी, अशी ती रचना. खडक फोडणारी ती ठिणगी पेट्रोलची वाफ का पेटविणार नाही? मोटारीचे हृदय असे सुरुंगाच्या पेटीतून आले.

पहिला प्रयोग त्याने १८७० च्या सुमारास केला. ती गाडी आज नाही. तिचे छायाचित्र तेवढे उरले आहे. सामान वाहण्याचा एक साधा हातगाडा, त्यावर उभे एंजिन, आणि मागल्या चाकांच्या जागी एंजिनचीच जड गतिचक्रे. एंजिन चाकांपासून सोडविण्याची सोय नसल्यामुळे ते सुरू करावयाचे तर गाड्याची मागली बाजू कोणी बळकट माणसाने उचलून धरावी लागे, आणि एंजिन धडधडू लागले की गाडा जमिनीवर टेकवावयाचा! सुकाणू नाही, बसावयास जागा नाही. तिला मोटारगाडी म्हणावे की चाकांवर ठेवलेला प्रयोग, याचा निर्णय ज्याने त्याने करावा. मला ती दुसरी गोष्ट वाटते. तरी पेट्रोलसारखे द्रव इंधन जाळून रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाचा हा अगदी आरंभीच्या खटपटींपैकी एक होता, एवढे मान्य केलेच पाहिजे.

दुसरी गाडी म्हणजे संग्रहालयात आहे ती. हिच्यात सुकाणू आहे, एंजिन चाकांपासून अलग करण्याची सोय आहे, माणसे बसू शकतात. प्रश्न एवढाच, ती कोणत्या साली बनली?

येथून कथेला वळण लागते. मार्कुसने मोटारगाडीचे म्हणून पेटंट घेतले नाही, तिचा कारखाना काढला नाही, आणि तिच्याविषयी फारसे लिहूनही ठेवले नाही. १८९८ साली, म्हणजे ज्या वर्षी तो वारला त्याच वर्षी, व्हिएन्नात मोठे प्रदर्शन भरले आणि त्यात ही गाडी मांडली गेली. तोवर बेंझ आणि डाइम्लर यांची नावे सर्वतोमुखी झाली होती. आपल्या शहरात असा एक मनुष्य होता आणि जगाने त्याची दखल घेतली नाही, ही खंत व्हिएन्नाकरांना वाटू लागली. मग गाडीचे साल मागे सरकू लागले, आणि अखेर १८७५ हे साल लोकांच्या मनात पक्के बसले. एकदा ते पुस्तकांत छापले गेल्यावर बेंझच्या पेटंटापूर्वी अकरा वर्षे व्हिएन्नात मोटार धावत होती, असा सिद्धान्तच झाला. तिच्या आवाजाचा उपद्रव होतो म्हणून पोलिसांनी तिच्यावर बंदी घातली, अशीही कथा तिच्याभोवती जमली. १९३२ साली तेथील तांत्रिक विद्यापीठासमोरच्या उद्यानात मार्कुसचे स्मारक उभारण्यात आले.

यात लबाडी होती असे मी म्हणणार नाही. आपल्या माणसाच्या कौतुकात चार-दोन वर्षांचा हिशेब चुकणे हा दोष सर्वच देशांतून आढळतो. आपणही त्यास अपवाद नाही. पण पुढे जे घडले, ते चुकीच्या सदरात बसत नाही.

१९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. मार्कुस ज्यू वंशाचा. तो मरून चाळीस वर्षे होऊन गेलेली होती, तरी त्याचे नाव नव्या राज्यकर्त्यांस खुपू लागले. उद्यानातील स्मारक त्याच वर्षी हलविण्यात आले. एवढ्यावर काम भागले नाही. १९४० च्या जुलै महिन्यात बर्लिनच्या प्रचारखात्याकडून डाइम्लर-बेंझ कंपनीच्या संचालकांना एक पत्र गेले. कंपनीने आधी केलेल्या लिखाणाचे ते उत्तर होते. त्यात कळविले होते की, ‘मायर’ आणि ‘ब्रोकहाउस’ या दोन मोठ्या ज्ञानकोशांच्या प्रकाशकांना सूचना दिलेली आहे; यापुढे आधुनिक मोटारीचे जनक म्हणून झीगफ्रीड मार्कुसचे नाव न देता गॉटलीब डाइम्लर आणि कार्ल बेंझ या दोघा जर्मन अभियंत्यांची नावे द्यावयाची.

हे पत्र आज उपलब्ध आहे, म्हणूनच त्याविषयी इतक्या निश्चितपणे बोलता येते. त्याची भाषा रुक्ष, कचेरीतल्या कोणत्याही पत्रासारखी आहे. त्यात क्रोध नाही, शिवीगाळ नाही. अमुक नाव खोडा, अमुक लिहा, एवढेच. आणि ‘जर्मन अभियंते’ या शब्दांतील विपर्यास पाहा! मेक्लेनबुर्गमध्ये जन्मलेला, बर्लिनमध्ये काम शिकलेला मार्कुस जन्माने बेंझइतकाच जर्मन भूमीचा होता. ज्या वर्षी हे पत्र लिहिले गेले, त्या वर्षी जिवंत ज्यू माणसांचे काय चालले होते हे आपण जाणतो; त्यापुढे कोशातल्या चार ओळींची काय कथा, असे कोणी म्हणेल. परंतु जिवंत माणसांना नाहीसे करणारी राजवट मृतांनाही निवांत राहू देत नव्हती, हे या चार ओळींवरून दिसते.

गाडी मात्र वाचली. संग्रहालयातल्या लोकांनी ती भिंतीआड दडवून ठेवली होती, असे सांगितले जाते. युद्ध संपले, १९४८ साली मार्कुसचे स्मारक उद्यानात पुन्हा उभे राहिले, आणि १९५० साली ही साठी उलटलेली गाडी व्हिएन्नाच्या रस्त्यावर प्रत्यक्ष चालवून दाखविण्यात आली. झाल्या अन्यायाची ही भरपाई होती आणि ती योग्यच होती. फक्त स्मारकाबरोबर १८७५ हे सालही परत आले, आणि आता त्याला हात लावणे पूर्वीपेक्षा कठीण झाले. जे साल नाझींनी पुसले, त्याविषयी शंका घेणारा कोणाच्या बाजूचा समजावयाचा?

तरीही शंका घेणारे निघाले. एक शंका तर यंत्राकडे पाहूनच येण्यासारखी होती. या गाडीचे एंजिन चार फेऱ्यांचे आहे, आणि चार फेऱ्यांचे व्यवहारात चालणारे एंजिन निकोलाउस ओटो याने १८७६ साली तयार केले. मग १८७५ मध्ये ते मार्कुसच्या गाडीत कसे आले? मार्कुसचे अभिमानी म्हणत, त्याने ओटोच्याही आधी ते शोधले. तर्क म्हणून हे ठीक. पण पुरावा कोठे होता? १९६० नंतरच्या दशकात ऑस्ट्रियातीलच हान्स झेपर या संशोधकाने कागदपत्रे तपासून या प्रश्नाची तड लावली. मोराव्हियातील आदामोव्ह येथे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, मेर्की, ब्रोमोव्हस्की आणि शुल्त्स या मंडळींचा कारखाना होता. तेथे मार्कुसची एंजिने तयार होत असत. ही गाडीही तेथलीच, आणि तिचे साल १८८८ ते ८९. झेपर हा मार्कुसचा वैरी नव्हता, की परदेशचा प्रतिस्पर्धी नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. आपल्याच देशाच्या पदरचे एक भूषण काढून ठेवावयास त्याला किती जड गेले असेल! आजही त्याचा निष्कर्ष न मानणारे काही जण आहेत, पण जाणत्यांनी तो सामान्यतः स्वीकारला आहे.

१८८८ हे साल मार्कुसच्या बाजूने फारसे बोलत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेंझची पत्नी बेर्था, पतीला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याच्या तीनचाकी गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधन संपत आले तेव्हा व्हीसलॉख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने ते विकत घेतले. बेंझची गाडी अशी गावोगाव फिरत असता मार्कुसची गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने जात होती. तेव्हा मोटारीचा जनक हे बिरुद मार्कुसला देता येत नाही. १९४० साली ज्यांनी ते काढून घेतले त्यांनी मात्र सालाची चौकशी केली नव्हती, वंशाची केली होती. ठिणगीचे यंत्र, ब्रशचा कार्बुरेटर आणि १८७० चा तो हातगाडा, एवढे मार्कुसचे निर्विवाद आहे, आणि एका माणसाच्या आयुष्याला ते कमी नाही.

ती गाडी आता व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. तिची मालकी ऑस्ट्रियातील मोटारचालकांच्या संघाकडे आहे. मार्कुसचे स्मारक तांत्रिक विद्यापीठासमोर, १९३८ पूर्वी होते त्याच उद्यानात आहे.