तेल लावणारे हात
(नभोवाणीवरील भाषण)

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उंडीचीं झाडें आहेत. त्यांच्या बियांचें कडू तेल एके काळीं दिव्यांत जळे, होडीच्या फळ्यांना लागे आणि आमवातानें आखडलेल्या गुडघ्यांवरही चोळलें जाई. तेल एकच, पण गुडघ्यावर तें किती ऊन असावें, कोठें जोर द्यावा आणि कोठें हात आवरावा, हें सर्वांना साधत नसे. त्यासाठीं गांवांत ठराविक माणसें असत. बाळबाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणारी सुईण असे, निखळलेला खांदा बसविणारा हाडवैद्य असे, तालमींतला वस्ताद असे. काढा देणारा वैद्य निराळा आणि हे हात निराळे. श्रोतेहो, या दोघांचें शिक्षण पूर्वीं कसें होई, आणि पुढें विद्यालयांच्या काळांत एकाचें शिक्षण वाढत असतां दुसऱ्याचें कसें मागें पडलें, तें आज सांगावयाचें आहे.

वैद्याचें घर हीच त्याची शाळा. मुलगा वा शिष्य आधीं खल घोटी, मुळ्या कुटी, चूर्ण वस्त्रगाळ करी. सकाळीं वाग्भटाचें अष्टांगहृदय पाठ करी आणि गुरूबरोबर रानांत जाऊन गुळवेल, कुडा, निर्गुंडी, अडुळसा ओळखावयास शिके. नाडीवर बोट ठेवण्याची पाळी पुष्कळ वर्षांनीं येई. सुईणीच्या शिक्षणास मात्र पोथी नव्हती. सासूच्या किंवा आईच्या शेजारीं बसून तिनें पाहावें, मग आपला हात तेथें ठेवावा, आणि चुकला तर तो उचलला जावा, एवढीच तिची परीक्षा. दोन्ही विद्या घराण्याच्या. परंतु एकीला श्लोकांचा आधार होता आणि दुसरी केवळ स्पर्शांत राहिली होती. या भेदाचें फळ पुढें दिसून आलें.

शास्त्रकारांनीं मात्र हातास कमी लेखिलें नव्हतें. चरकानें चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषधि, परिचारक आणि रोगी. परिचारकास उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं प्रेम व शुचिता हवी, असें त्याचें म्हणणें. रुग्णालयाची सिद्धता वर्णितांना त्यानें न्हाऊ घालणारा, अंग रगडणारा, उठविणारा, निजविणारा व औषधें वाटणारा अशीं कुशल माणसें वेगवेगळीं मोजलीं आहेत. वाग्भटानें नित्य अभ्यंग सांगितला, मस्तक, कान व पाय यांकडे विशेष लक्ष द्यावयास सांगितलें. पण कफानें पीडलेल्यास, शोधन झालेल्यास आणि अजीर्ण असणाऱ्यास तेल लावूं नये, असेंही बजाविलें. म्हणजे नुसतें चोळतां येणें पुरेसें नाहीं; कोणास चोळूं नये हेंही कळलें पाहिजे. सुश्रुतानें तर शिष्याला कोहळा, भोपळा, कलिंगड यांवर शस्त्र चालवावयास आणि मनुष्याकृति बाहुल्यावर पट्टे बांधावयास लावलें. शास्त्र व कर्म यांपैकीं एकच जाणणारा वैद्य त्याच्या दृष्टीनें एकपंखी पक्षी होता.

आतां विद्यालयांकडे वळूं. मुंबईंत १८२६ सालीं डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखालीं देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी एक सरकारी शाळा निघाली. ती १८३२ सालीं बंद पडली. १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें. तेथें शिक्षण इंग्रजींतून आणि पाश्चात्त्य पद्धतीचें. घरांत खल घोटणाऱ्या मुलास तेथें प्रवेश कसचा! पण छापखान्यानें त्याला निराळें दार उघडलें. १८८० सालीं डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं संपादिलेलें अष्टांगहृदय मुंबईंत छापून निघालें. जी पोथी मिळवावयास गुरूची मर्जी लागे, ती कोणाही विद्यार्थ्याला विकत घेतां येऊं लागली. १८९६ सालीं मुंबईंत प्रभुराम आयुर्वेद विद्यालय निघालें. शंकर दाजीशास्त्री पदे यांनीं १९०७ सालीं नाशिकास वैद्यांचें संमेलन भरविलें. त्यांतून वाढलेल्या संस्थेनें पुढें देशभर आयुर्वेदाच्या परीक्षा चालविल्या. १८५६ सालीं रत्नागिरींत जन्मलेल्या लोकमान्यांच्या नांवें पुण्यास १९३३ सालीं टिळक आयुर्वेद महाविद्यालय स्थापन झालें. १९३८ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यानें वैद्य-हकिमांच्या नोंदणीची सोय केली. घराण्याची विद्या अशी अवघ्या साठ वर्षांत ग्रंथ, परीक्षा व नोंदवही यांपर्यंत येऊन पोंचली.

ही प्रगति मोलाची खरी. परंतु या नोंदवहींत सुईणीस, हाडवैद्यास किंवा अंग रगडणाऱ्यास वैद्याच्या बरोबरीची जागा नव्हती. परीक्षा श्लोकांची घेतां येते. आंगठ्याच्या दाबाची कशी घ्यावी? शिवाय परीक्षेस बसणारे प्रायः शिकल्यासवरल्या घरांतले पुरुष, आणि तेल लावणारे हात बहुधा निरक्षर स्त्रियांचे व कष्टकऱ्यांचे. चरकाच्या चार पायांपैकीं वैद्य आणि औषधि हे दोन विद्यालयांत गेले. तिसरा उंबऱ्याबाहेर राहिला.

या हातांचा गौरव कोठें झाला नाहीं असें नव्हे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरांत प्राध्यापक माणिकराव यांनीं व्यायामाबरोबर अस्थिसंधानाची विद्याही चालविली, आणि मोडलेलीं हाडें घेऊन लोक दूरदूरहून त्यांच्याकडे येत. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत भौतिकोपचाराची शाळा निघाली, तेव्हां स्पर्शोपचार शिकविण्यास शरीररचनेचा भक्कम पाया मिळाला. परंतु ती शाळा पाश्चात्त्य परंपरेची. उंडीच्या तेलाची ओळख तिला असण्याचें कारण नव्हतें.

जुन्या हातांचें कौतुक करतांना त्यांचे दोष झांकूं नयेत. अस्वच्छ शस्त्रानें नाळ कापल्यामुळें धनुर्वातानें अर्भकें दगावत. कांबीट फार आवळल्यानें हात सडल्याचीं उदाहरणेंही डॉक्टरांच्या पाहण्यांत येत. शिक्षण नाकारलें म्हणून चुका राहिल्या, आणि चुका दिसल्या म्हणून पुनः शिक्षण नाकारलें, असें तें चक्र होतें. सुईणीला हात धुण्याचें व नाळ स्वच्छ ठेवण्याचें महत्त्व कोणीं वेळेवर समजावून दिलें असतें, तर तिच्या हातचें यश टिकून अपाय टळला असता.

आज आयुर्वेदाच्या पदवीवर २०२० च्या केंद्रीय कायद्यानें आलेल्या आयोगाचें नियंत्रण आहे. दुसरीकडे किनाऱ्यावरील पर्यटकांसाठीं मर्दनाचीं दालनें उघडलीं आहेत, आणि थोड्या दिवसांच्या शिक्षणावर तेथें हात चालविले जातात. दालनांतल्या तरुणाला अजीर्णांत अभ्यंग वर्ज्य कां, हें कोणी सांगत नाहीं. पदवीधराला गुडघ्यावरचा नेमका दाब शिकण्यास वृद्ध सुईण आतां क्वचितच भेटते. रत्नागिरीच्या ज्या तरुण-तरुणीला या धंद्यांत पडावयाचें आहे, त्यानें पुस्तक घ्यावें आणि गांवांत अजून कोणी म्हातारी बाळाला न्हाऊ घालीत असेल तर तिच्याशेजारीं जाऊन बसावें. पुस्तक उद्यांही मिळेल. ती म्हातारी मात्र उद्यां भेटेलच असें नाहीं.