स्की-बाइंडिंगचा इतिहास आणि हलक्या साधनाच्या निवडीचा प्रश्न

प्रस्तावना :

बर्फाच्छादित पर्वत स्कीवरून चढून जाणे आणि त्याच स्कीवरून खाली उतरणे या प्रकारास स्की-टूरिंग असे म्हणतात. त्यात चढणीसाठी रोप-वेचा आधार नसतो. स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवितात. त्यामुळे स्की पुढे सरकते, परंतु मागे घसरत नाही. बूट स्कीला जोडणाऱ्या यंत्रणेला बाइंडिंग म्हणतात. चढताना टाच मोकळी असावी, उतरताना ती पक्की असावी आणि पडल्यास बूट स्कीपासून सुटावा, अशा तीन परस्परविरोधी अपेक्षा या लहानशा यंत्राकडून केल्या जातात. वजन कमी असावे ही चौथी अपेक्षा त्यांत नंतर मिळाली. प्रस्तुत लेखात या अपेक्षांचा ऐतिहासिक क्रम पाहून, हलके बाइंडिंग निवडताना कोणता निकष प्रथम मानावा याचा विचार केला आहे.

१. टाचेचा प्रश्न :

नॉर्वेतील टेलेमार्क प्रांतातील साँद्रे नोरहाइम याने १८६८ साली ख्रिस्तियानिया (आजचे ओस्लो) येथील स्पर्धेत आपले कौशल्य दाखविले. त्याच्या बाइंडिंगमध्ये वाळुंजाच्या पिळलेल्या फांद्यांचा वेढा टाचेमागून घेतलेला होता. त्यामुळे स्कीवर ताबा आला, पण टाच उचलण्याची मोकळीकही राहिली. नान्सेन याने १८८८ मध्ये ग्रीनलंड स्कीवरून पार केल्यानंतर हे साधन मध्य युरोपात कुतूहलाचा विषय झाले. मात्र नॉर्वेतील सौम्य उतार आणि आल्प्समधील तीव्र उतार यांत फरक होता. ऑस्ट्रियातील लिलियनफेल्ड येथे माथियास झ्दार्स्की याने तीव्र उतारास योग्य असे पोलादी पट्टीचे बाइंडिंग तयार केले आणि १८९६ मध्ये आपल्या तंत्रावर पुस्तक लिहिले.

यानंतरचा टप्पा स्वित्झर्लंडच्या गुईडो रॉज याचा होय. १९३० च्या सुमारास त्याने तारेचे बाइंडिंग आणले. तार स्कीच्या बाजूच्या आकड्यांत अडकविली की टाच खाली दाबली जाई; आकड्यांतून काढली की टाच उचलता येई. एकाच साधनाने चढ आणि उतार ही दोन्ही कामे अशी साधली. या बाइंडिंगला ‘कंदाहार’ हे नाव मिळाले ते त्याच नावाच्या स्की-शर्यतींवरून. शर्यतींचे नाव लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार यांच्या १९११ च्या चषकावरून आले होते. कानपूर येथे जन्मलेल्या या सेनानीची पदवी दुसऱ्या अफगाण युद्धातील १८८० च्या विजयाची आहे. आल्प्समधील एका यंत्राच्या नावात वसाहतकालीन युद्धाची आठवण अशी टिकून राहिली.

२. सुटकेचा प्रश्न :

टाच पक्की झाली, तसा पाय मोडण्याचा धोका वाढला. पडताना लांब स्की तरफेसारखी काम करते आणि तिचा पीळ नडगीच्या हाडावर येतो. अमेरिकेत स्थायिक झालेला नॉर्वेजियन स्कीपटू ह्याल्मर ह्वाम याचा १९३७ साली पाय मोडला. त्या अनुभवातून त्याने ठराविक जोर आल्यावर बूट सोडणारे बाइंडिंग बनविले. सुटकेची मर्यादा व्यक्तीचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून ठरविण्याची पद्धत पुढे रूढ झाली. टूरिंगच्या बाइंडिंगसाठी आयएसओ १३९९२ हे स्वतंत्र मानकही झाले.

३. वजनाचा प्रश्न :

सुरक्षितता वाढली, तसे वजनही वाढले. स्विस फ्रिट्ची कंपनीचे १९९५ चे ‘डायामीर’ हे चौकटीचे बाइंडिंग लोकप्रिय झाले. त्याचे वजन प्रत्येक पायामागे सुमारे १ किलो भरे, आणि प्रत्येक पावलागणिक बुटाबरोबर ती चौकटही उचलावी लागे.

ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल याने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. माँ ब्लाँवरील मोहिमेत जड साहित्याने झालेली दमणूक त्याच्या मनात होती. १९८० नंतरच्या दशकात त्याने चौकटच काढून टाकली. बुटाचा कडक तळवा हीच चौकट, असा त्याचा विचार होता. चवड्याच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या खोबणींत दोन खिळे बसतात. टाचेत मागून आणखी दोन खिळे शिरतात. चढताना फक्त बूट उचलला जातो. डायनाफिट कंपनीने हे बाइंडिंग बाजारात आणले आणि पेटंटची मुदत संपल्यावर इतरांनीही ती रचना स्वीकारली.

या बदलाचा अर्थ साध्या हिशेबाने कळतो. खिळ्यांचे बाइंडिंग ३५० ग्रॅमचे धरल्यास प्रत्येक पायामागे ६५० ग्रॅम वाचतात. एका चढणीत दोन्ही पायांची मिळून ६,००० पावले पडली, तर जवळपास ४ टन वजन कमी पुढे न्यावे लागते. पायावरचे वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी पट अधिक थकविते, हे लक्षात घेता हा लाभ मोठा आहे.

४. निवडीचा निकष :

परंतु हा लाभ विनामूल्य नाही. शर्यतीसाठीची काही बाइंडिंग्ज १५० ग्रॅमपेक्षाही हलकी असतात; त्यांपैकी अनेकांत सुटकेची मर्यादा बदलता येत नाही. चढताना पाय निसटू नये म्हणून चवड्याची कळ बंद करतात. त्या स्थितीत हिमस्खलन झाल्यास स्की पायापासून सुटत नाही आणि माणसाला खाली ओढते. खोबणीत बर्फ साचल्यास खिळे नीट बसत नाहीत. म्हणजे चौकटीच्या यंत्राने पत्करलेली काही जबाबदारी हलक्या यंत्राने वापरणाऱ्याकडे सोपविली आहे.

निष्कर्ष :

बाइंडिंगच्या इतिहासात प्रत्येक सुधारणेने एक अपेक्षा पूर्ण केली आणि दुसरीला धक्का लावला. म्हणून निवड करताना किती ग्रॅम वाचले यापेक्षा ते कशातून वाचले, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. पोलादाऐवजी हलका धातू वापरून किंवा अनावश्यक चौकट काढून वाचलेले वजन स्वागतार्ह आहे. सुटकेची यंत्रणा काढून वाचलेले वजन शर्यतीतील तज्ज्ञाला परवडेल. आपल्या वजनाप्रमाणे मर्यादा जुळवू पाहणाऱ्या सामान्य प्रवाशाला ते परवडणारे नाही. स्की-माउंटेनिअरिंगचा २०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये समावेश करण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. त्यामुळे शर्यतीच्या साधनांचे आकर्षण वाढणे स्वाभाविक आहे. अशा वेळी ह्वामच्या मोडलेल्या पायाची आणि बार्थेलच्या थकलेल्या पायांची, अशा दोन्ही साक्षी विचारात घेऊनच हा निर्णय करणे उचित ठरेल.