समाजकार्याची पदवी आणि पायाभूत वर्ष : उपकार नव्हे, हक्क!

समाजकार्य म्हणजे गोरगरिबांवर केलेले उपकार, हा समज बाबासाहेबांनी १९३२ मध्येच खोडून काढला होता. त्या नोव्हेंबरात गोलमेज परिषदेला जाताना त्यांनी बोटीवरून अमृतलाल ठक्कर यांना पत्र लिहिले. ठक्कर ज्या संघाचे सचिव होते, तोच पुढे हरिजन सेवक संघ झाला. पत्राचा आशय असा : अस्पृश्यांना सद्गुण शिकवत बसू नका, त्यांना दाबून ठेवणारी परिस्थिती बदला, आणि या कामाला जीव लावणारे कार्यकर्ते अस्पृश्यांमधूनच मिळण्याचा संभव अधिक.

चारच वर्षांनी, १९३६ मध्ये, मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. तीच आजची टिस. प्रवेशाची अट नावातच होती : पदवी. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, विद्यापीठ दूर हैदराबादला आणि शिक्षण उर्दूत. नांदेड-लातूरकडच्या महारवाड्या-मांगवाड्यांतून त्या दारापर्यंत कोण पोहोचणार होते?

ती दरी बुजवायला बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढचे मिलिंद. त्या काळी मॅट्रिकनंतर पदवीआधी महाविद्यालयातच पी.यू.सी.चे एक वर्ष असे. खेड्यातला पोर तिथे कॉलेजची भाषा शिकायचा. सत्तरच्या दशकात दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला आणि ते वर्ष गेले.

तयारीची गरज मात्र गेली नाही. ती विकत मिळू लागली. लातूर आणि नांदेडच्या क्लासेसमध्ये डॉक्टर होण्यासाठी वर्षभर 'रिपीट' करणाऱ्याला कुणी कच्चा म्हणत नाही. मग समाजकार्याला येणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या मुलीने तयारीचे एक वर्ष मागितले, तर तिची गुणवत्ता का काढता?

ब्रिटनमधली अनेक विद्यापीठे समाजकार्याच्या पदवीला असे पायाभूत वर्ष जोडतात. आपल्याकडे इग्नूच्या बी.एस.डब्ल्यू.ला बारावी नसलेल्यांसाठी सहा महिन्यांच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाची वाट होती. पण ते दूरशिक्षण. त्यात ना वसतिगृह, ना रोजचा वर्ग.

आणि नुसते दार उघडून भागत नाही. २०१८ मध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांची फी-सवलत काढून घेतल्याविरुद्ध टिसच्या तुळजापूरसह चारही कॅम्पसमध्ये संप झाला. सवलत गेली की उघडे दारही बंदच.

म्हणून मागणी नेमकी हवी. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे त्याचे जिल्हे. या विद्यापीठाने समाजकार्य पदवीला मराठी माध्यमाचे ऐच्छिक पायाभूत वर्ष जोडावे. शिष्यवृत्ती आणि वसतिगृह त्या पहिल्या दिवसापासून मिळावे. अभ्यासात इंग्रजी वाचन, अहवाल लेखन आणि संविधान तर असावेच, पण ठक्करांना लिहिलेले ते पत्रही असावे.

ज्या नांदेड जिल्ह्यात नामांतरासाठी पोचिराम कांबळेंनी प्राण दिले, तिथल्या वस्त्यांना कार्यकर्ते घडवायला कुणी शिकवण्याची गरज नाही. त्या कार्यकर्त्यांच्या हाती पदवी पडू द्यायची की नाही, एवढाच प्रश्न आहे. मित्रांनो, तो प्रश्न आता विद्यापीठाच्या दारात नेऊया.

जय भीम!