काचेवरील सँडब्लास्ट अंकन व व्हिनाईल स्टेन्सिल : पनवेल परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कार्यालयाचे काचेचे दार, घराची नावपाटी, देवघराचे तावदान यांवरील धूसर नक्षी ही नागरी जीवनातील परिचित बाब आहे. ही नक्षी उमटविणाऱ्या तंत्रात आच्छादनाचे, म्हणजेच स्टेन्सिलचे, स्थान मध्यवर्ती आहे. प्रस्तुत लेखात स्टेन्सिलचा विकास आणि त्यामुळे कारागिराच्या स्थितीत झालेला बदल यांचा विचार केला आहे.

तंत्राचा उगम :
पूर्वी काचेवरील अंकन फिरत्या चाकावर घासून किंवा हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या साहाय्याने होत असे. फिलाडेल्फियाचे बेंजामिन च्यू टिल्गमन यांनी १८७० मध्ये वाळूच्या झोताने कठीण पृष्ठभाग कोरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. वेगाने आदळणारे कण ठिसूळ काचेचे सूक्ष्म टवके उडवितात. मऊ व लवचिक पदार्थ मात्र तोच आघात पचवून कण परतवितो. त्यामुळे काचेहून मऊ असलेले रबरही काचेचे रक्षण करू शकते.

स्टेन्सिलचे परिवर्तन :
रबरी स्टेन्सिल हाताने कापावे लागे. अक्षराचे वळण सर्वस्वी कारागिराच्या सुरीवर अवलंबून असे. १९२६ मध्ये वाल्डो सेमन यांनी पीव्हीसी लवचिक करण्याची रीत शोधली. १९८३ मध्ये गर्बर सायंटिफिक या अमेरिकी कंपनीने व्हिनाईलवर अक्षरे कापणारे संगणक-नियंत्रित यंत्र बाजारात आणले. या पद्धतीत यंत्र नक्षीच्या रेषा कापते. कोरावयाचा भाग सोलून काढला जातो आणि उरलेले व्हिनाईल काचेवर चिकटविले जाते. उथळ अंकनास पातळ व्हिनाईल पुरते. खोल कोरीव कामास जाड आच्छादन लागते. कडेचा चिकटपणा कमी पडल्यास कण आत शिरून रेषा फाटते. कौशल्याचा मोठा भाग सुरीकडून संगणकाकडे गेला, तरी सोलणे, चिकटविणे व झोत समान फिरविणे ही कामे हाताचीच राहिली.

पनवेल परिसर :
१९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती विकसित केल्या. १९९० च्या दशकात पनवेल तालुक्यातील तळोजा औद्योगिक क्षेत्रात फ्लोट काचेचा कारखाना उभा राहिला. पुढे तो असाही इंडिया समूहात विलीन झाला. सपाट काचेचे उत्पादन आणि काचेच्या दारा-तावदानांचा वापर करणाऱ्या नव्या इमारती अशा रीतीने एकाच तालुक्यात आल्या.

कारागिराची सुरक्षितता :
वाळूतील स्फटिकी सिलिकाची सूक्ष्म धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस हा असाध्य विकार जडतो. ब्रिटनने १९४९ च्या नियमांद्वारे कारखान्यांतील झोतकामात वाळूच्या वापरास बंदी घातली. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसची नोंद बंधनकारक केली. परंतु तो मूलतः विजेवर चालणाऱ्या व किमान १० कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. दोन-चार माणसांचा गाळा त्याच्या कक्षेबाहेर राहिला. वाळूऐवजी ॲल्युमिनियम ऑक्साइड, बंदिस्त कक्ष, धूळ खेचणारी यंत्रणा व योग्य श्वसनसाधन हे उपाय उपलब्ध असले, तरी ते खर्चाचे आहेत.

निष्कर्ष :
स्टेन्सिलच्या इतिहासात काचेचे रक्षण उत्तरोत्तर अचूक व स्वस्त होत गेले. कारागिराच्या श्वासाचे रक्षण त्या गतीने झाले नाही. व्हिनाईलमुळे हे काम अल्प भांडवलात व लहान जागेत शक्य झाले, आणि म्हणूनच धुळीचा धोका कायद्याच्या नजरेआड असलेल्या जागांपर्यंत पोहोचला. तंत्राच्या प्रगतीचे मूल्यमापन करताना केवळ नक्षीची रेखीवता हा निकष पुरेसा ठरत नाही.