मणी दिसतात, कडी दिसत नाही

आमच्या गटाच्या माळा विकायला गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो. "मण्यांचे पैसे समजले, पण तारेच्या कड्यांची कसली मजुरी?" म्हणून आज कडीबद्दलच बोलायचं ठरवलं.

नेवासं आपल्याला ज्ञानेश्वरीमुळे माहीत. तिथेच प्रवरेकाठी १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने ह. धी. सांकलिया यांच्या देखरेखीखाली उत्खनन केलं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. मणी दोऱ्यात ओवलेले. एरवी दोरा केव्हाच मातीत गेला असता, पण तांब्याला चिकटून होता म्हणून त्याचे तुकडे टिकले. माळ कुणी ओवली असेल, हे आम्हा बायकांना विचारायला नको.

त्याहूनही जुना हार मोहेंजोदडोचा, चांदीच्या भांड्यात ठेवलेला सापडला. हिरवट दगडाचे लांबट मणी, मधे सोन्याच्या चकत्या आणि खाली सात लोलक. हे लोलक सोन्याच्या जाड तारेने टांगलेले आहेत. १९४७च्या फाळणीत हा हारसुद्धा वाटला गेला. एक भाग दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, दुसरा पाकिस्तानात. दोरा सोडला की मणी वाटता येतात. लोलक मात्र आपापली तार घेऊनच गेला.

तेव्हा आजच्यासारखी तयार तारेची गुंडाळी मिळत नव्हती. भोकांच्या पट्टीतून तार ओढायची युक्ती जगात फार नंतर आली. त्याआधी सोन्याची पट्टी कापायची, पिळायची, घासून गोल करायची. म्हणजे कडी वळवण्याआधीच अर्धा दिवस गेला!

आम्ही तांब्याची तार वापरतो. मण्यातून काढून नखभर वर ठेवायची, काटकोनात मोडायची, गोल तोंडाच्या पकडीवर फिरवायची, मानेला तीन वेढे द्यायचे. टोक आत दाबलं नाही तर पदराचा धागा ओढलाच म्हणून समजा. नव्या बाईच्या पहिल्या वीस-पंचवीस कड्या वायाच जातात आणि अंगठा आठवडाभर दुखतो.

गेल्या महिन्यापासून भावाच्या कागदावर आम्ही 'कड्या' हा रकाना वेगळा केला. एका व्यापाऱ्याने तो खोडून कागद परत पाठवला. आम्ही नवा कागद लिहून पुन्हा धाडला आहे.